क्लिमेकबाईंचं वाकलेलं धुराडं

रोसविथा क्लिमेक या बाईंबद्दल जर्मनीत मोझेल नदीच्या काठावरच्या मोटरहोमच्या तळांवर आता बरंच काही सांगितलं जातं. त्यातलं निम्मं मला ओळखूही येत नाही. मी त्यांच्या शेजारी राहत होतो. मला ते नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, पण पाहिलं तेवढं लिहितो.

त्या आल्या तेव्हा द्राक्षांची तोडणी उरकली होती. हौशी मंडळी पहिलं धुकं पडलं की घरी परततात. मागे उरतात ते आमच्यासारखे, ज्यांचं मोटरहोम हेच बारमाही घर. तळाची मालकीण गुडरून हिचा मळा मागच्या चढावर आहे. तिनं बाईंना नदीकडची मोकळी जागा दाखवली, पण बाईंना पाठीशी काहीतरी हवं होतं. म्हणून त्यांनी आपली जुनी, उंच टपाची गाडी मागे मागे नेत अक्रोडाच्या झाडाखाली घातली. टपावर फांदी करकरली. पलीकडच्या गाडीतला एक्केहार्ट हात हलवत धावला.

"थांब अगं, थांब. डावीकडे घे, फांदी लागतेय."

बाईंनी काच दोन बोटं खाली केली. "मी तुम्हाला विचारलं का?"

"नाही."

"मग?"

काच वर गेली.

आमच्यात रीत अशी की तळावर गाडी लागली की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मग माणूस न्यायाधीश असो की खाटीक. क्लिमेकबाईंनी ती रीत पाळली नाही. त्या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत, आणि हळूहळू आम्हीही त्यांना 'अहो' म्हणू लागलो. गेल्सनकिर्शेनच्या पोस्टात त्यांनी खिडकीमागे बसून जन्म काढला होता. नवरा गेल्यावर फ्लॅट विकून ही गाडी घेतली. कासेलला राहणाऱ्या मुलीला, आंट्येला, ते कधीच पटलं नव्हतं.

गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षी पाण्याचा पंप बंद पडला. गॅरेजवाल्यानं सांगितलं, पंप गेला, आणि नवीन बसवला. तोही बंद पडला तेव्हा दुसऱ्या एकानं दाखवलं की नुसती एक तार सुटली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण क्लिमेकबाईंनी ताकच सोडलं. गाडीला कोणाला हात लावू देईनात. टपावरची खिडकी गळू लागली तर स्वतः चढून लांबी भरली. पायरी मिटेना तर दोरीनं बांधून ठेवली. ज्या स्क्रूला त्यांनी हात लावला त्याच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका असे. ठिपका फुटला तर कोणीतरी स्क्रू फिरवला, असा हिशेब.

आणि त्यांच्या शेजारी नेमका एक्केहार्ट व्यूस्ट. निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर. दुसऱ्याच्या गाडीखाली डोकं घातल्याशिवाय याला सकाळची कॉफी पचत नाही. येताजाता सांगणार, तुझ्या डाव्या टायरात हवा कमी आहे, तुझा पत्रा गंजतोय. बरोबर सांगतो आणि म्हणून जास्त राग येतो.

आता गॅसचोरांचं सांगायला हवं. गाडीत राहणाऱ्या माणसाला याबद्दल ठाऊक नाही असं होत नाही. चोर हवेच्या भोकातून नळी घालतात, गुंगीचा गॅस सोडतात, आपण मेल्यासारखे झोपतो आणि ते निवांत सामान नेतात. असं स्वतःच्या बाबतीत घडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. घडतं ते नेहमी कोणाच्या तरी मेव्हण्याच्या बाबतीत, फ्रान्समध्ये. तरी थंडी सुरू झाली की सगळे गाडीच्या फरशीतली हवेची भोकं बुजवतात. थोडं गारठ्यासाठी, थोडं चोरांसाठी. गाडीबरोबरच्या पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही भोकं बुजवू नका. माझ्या भोकात लोकरीचा मोजा होता.

पहिली कडक थंडी पडली त्या सकाळी क्लिमेकबाई नळावर आल्या त्या कपाळ धरूनच. रंग उडालेला. मला म्हणाल्या, "रात्री तुम्हाला काही ऐकू आलं?"

"नाही. का हो?"

"डोकं फुटायला आलंय. उलटी झाली. आणि दूध चुलीवर ठेवून झोपले मी. मी. असं कधी करत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि माझ्या कपाटातल्या कोटांना कोणीतरी हात लावलाय. ओलसर झालेत. वेगळाच वास येतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. खोटं कशाला सांगू, मलाही चोरच आठवले.

तासाभरात सगळा तळ अक्रोडाखाली जमला. एक्केहार्टनं शिडी आणली आणि बाई नको म्हणेपर्यंत वर चढलाही. "हे बघा," तो वरून म्हणाला. हीटरच्या धुराड्याचं टोपण चेपून तिरपं झालं होतं. "इथून नळी घातली त्यांनी. वाकवून."

"सरळ करून टाक ना मग," गुडरून म्हणाली.

"हात लावू नका," क्लिमेकबाई म्हणाल्या. "पुरावा आहे तो."

गुडरूननं पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, काही चोरीला गेलं की कळवा. काहीच गेलं नव्हतं. पाकीट सापडत नव्हतं, पण ते दुपारी फ्रिजमध्ये मिळालं. चोरानं पाकीट फ्रिजमध्ये का ठेवलं असेल यावर आम्ही बराच वेळ बोललो.

दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. डोकं, उलटी, पाय लटपटणं. या वेळी बाई नळावर मोठ्यानं म्हणाल्या, "शिडी कोणाकडे आहे?"

सगळ्यांना माहीत होतं कोणाकडे आहे.

"आणि रोज माझ्या गाडीखाली वाकून कोण बघतं?"

"मी तेलाची गळती बघत होतो," एक्केहार्ट म्हणाला. "गळतंय तुमचं."

"माझं काय गळतंय ते माझं मी बघेन."

"क्लिमेकबाई, मी अर्ध्या जिल्ह्याला गाडी शिकवलीय. मी चोर वाटतो तुम्हाला?"

"चोर कसा दिसतो?" बाई म्हणाल्या. "पोस्टात माझ्यासमोर रोज उभे राहायचे. सगळे छान नमस्कार करायचे."

त्या दिवसापासून एक्केहार्टच्या टेबलावर कॉफीला कोणी बसेना. मीही गेलो नाही. काम होतं असं नाही.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. बाई दार उघडं ठेवून बोलत होत्या, तेव्हा मला ऐकावंच लागलं. रविवारी संध्याकाळी आंट्ये येणार होती. कोणी विष देतंय अशा जागी आईला ठेवणार नाही, कासेलला खोली तयार आहे, गाडी विकायची. फोन ठेवून बाई पायरीवर बसल्या.

"एकदा त्या खोलीत गेले ना," त्या म्हणाल्या, "की ही किल्ली परत हातात येणार नाही. रविवारच्या आत तो सापडला पाहिजे."

"सापडला तर?"

"सापडला तर भीती कसली? मग राहीन मी."

त्यांनी उरलीसुरली भोकं स्पंजनं भरली, वरून चिकटपट्टी लावली. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. गळ्यात शिट्टी अडकवली आणि खिडकीशी पडद्याच्या फटीला डोळा लावून दिवसभर पहारा सुरू केला. एक्केहार्ट पाण्याचा कॅन घेऊन नळावर निघाला की तो पडदा लगेच हले. आता तळावर वेळ त्या पडद्यावरूनच कळू लागली होती.

रविवारी दुपारी पाऊस होता आणि बोचरा वारा. क्लिमेकबाईंचा हीटर सकाळपासून चालू होता. एक्केहार्ट छत्री धरून नळावर गेला. पडदा हलला नाही. तो भरलेला कॅन घेऊन परत आला, अगदी खिडकीखालून. तरीही हलला नाही.

मी बराच वेळ बघत राहिलो. झोप लागली असेल, असं वाटलं. मग वाटलं, आपण कशाला मध्ये पडा? न बोलावता दार वाजवणाऱ्यावर शिट्टी वाजवीन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. शेवटी गेलो आणि दार वाजवलं. मला ती शिट्टी ऐकायची होती. आतून काहीच आवाज आला नाही.

"एक्केहार्ट," मी हाक मारली, "इकडे ये रे."

तो आला, पण चार पावलांवर थांबला. "मी हात लावणार नाही. काही झालं की पोलीस मलाच धरतील."

"आत त्या बोलत नाहीयेत."

"गुडरूनला बोलाव. साक्षीला."

"दिवसाढवळ्या कोणता चोर गॅस सोडतो रे?" मी म्हणालो. बोलून गेल्यावर मलाच ते ऐकू आलं. त्यालाही. त्यानं छत्री टाकली.

मागची खिडकी त्यानं स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली आणि अर्धा आत शिरला. मी त्याचे पाय धरले. आतली हवा गरम आणि जड होती. बाई बाकावर आडव्या पडल्या होत्या, गाल चांगले गुलाबी. त्यानं आतून दार उघडलं आणि आम्ही त्यांना ओढत पावसात आणलं. मी चिखलात बसलो, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. श्वास चालू होता. गुडरूननं रुग्णवाहिका बोलावली. तिच्यामागून अग्निशमनवाले आले.

त्यांच्यातला एक माणूस हातातलं यंत्र घेऊन आत गेला. कपाटापाशी यंत्र किंचाळू लागलं. त्यानं कोट बाजूला सारले. हीटरची धुराची नळी कपाटातून वर टपाला जाते. ती सांध्यातून निसटली होती.

"कार्बन मोनॉक्साईड," तो म्हणाला. "टपावर काही आपटलं होतं का?"

कोणी अक्रोडाकडे बघितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. फांदीनं टोपण चेपलं, नळी सुटली आणि तेव्हापासून बाईंचाच हीटर आपला धूर बाईंच्या कपाटात सोडत होता.

"भोकं उघडी असती तर निदान हवा तरी खेळली असती," तो स्पंजचा तुकडा हातात धरून म्हणाला. "या तळावर आणखी कोणी बुजवलीत?"

 थोड्या वेळानं एकेक जण आपापल्या गाडीत गेला. एक्केहार्टच्या गाडीतून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी मोजा काढला.

आंट्ये त्या रात्री थेट इस्पितळात गेली आणि डॉक्टरांनी सोडल्यावर आईला सामान बांधायला तळावर घेऊन आली. तिनं खोकी आणली होती. क्लिमेकबाई घडीच्या खुर्चीवर घोंगडी पांघरून बसल्या. आवाज अजून बारीक होता.

"म्हणजे चोर नव्हताच?" त्यांनी मला विचारलं.

"नव्हता."

"नक्की? कोणीच नव्हतं?"

"नळी सुटली होती हो, बाई."

त्यांनी जरा विचार केला. "आंट्ये, ती खोकी परत गाडीत ठेव."

"आई, तू मरत होतीस."

"नळीमुळे. नळी बसवता येते. चोर असता तर आले असते तुझ्याबरोबर."

आंट्ये खूप बोलली, थोडी रडली. मी तिथून निघायला हवं होतं, पण बाईंनी माझी बाही धरून ठेवली होती. शेवटी ठरलं की गावातल्या परवानाधारक माणसाकडून सगळं नवीन बसवायचं, गाडी झाडाखालून काढायची, आणि आईनं रोज सकाळी फोन करायचा. खोकी परत गेली.

तो माणूस आला तेव्हा बाई त्याच्या कोपराशीच खुर्ची टाकून बसल्या. "हा कशाला? तो आधी का नाही? पुन्हा आवळा बघू." त्यानं निमूटपणे पुन्हा आवळलं.

एक्केहार्ट लांबूनच आला. हातात विषारी वायू साचला की वाजणारा भोंगा होता, छताला लावायचा. "घ्या. झोपायच्या जागेजवळ लावा."

बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "खिडकी बाहेरून उघडते हे तुम्हाला कसं माहीत होतं?"

"सगळ्यांच्याच उघडतात, बाई."

हे त्यानं सांगायला नको होतं, असं मला वाटलं.

"आणि हा वाजतो कशावरून?"

"कंपनीनं लिहिलंय त्यावर."

"लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय. गाडी चालू करा तुमची."

"माझी?"

"मग काय माझी?"

एक्केहार्टनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तो गेला आणि इंजिन चालू केलं. क्लिमेकबाई घोंगडीसकट चालत त्याच्या गाडीमागे गेल्या, गुडघे धरून वाकल्या आणि भोंगा धुराच्या नळीपाशी धरला. तो इतक्या जोरात कोकलला की मळ्यातली पाखरं उडाली.

"बंद करा," त्या म्हणाल्या. "चालतोय."

संध्याकाळी त्यांनी तो स्वतःच्या हातानं लावला. स्क्रू धरायला एक्केहार्टला आत बोलावलं, दार मात्र उघडं ठेवून. आणि मला बाहेर उभं केलं, लक्ष ठेवायला.