पिकलेलं टेंभर कोणतं?

रुखसाना गेल्याची बातमी मला तिच्या संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर कळली. शाळेत निघाले होते, फोन वाजला म्हणून पाहिलं तर संस्थेच्या सचिवभाऊंचा संदेश… ‘बालवाचन चळवळीचा आधारवड हरपला’, खाली जोडलेले हात आणि तेवती पणती. बघता बघता सगळ्यांनी तेच हात आणि तीच पणती पुढे ढकलली. मी नागभीडच्या आमच्या घराच्या दारात एक चप्पल घालून, दुसरी घालायची विसरून उभी होते. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप. ज्या माणसाने ती जिवंत असताना तिचं एक म्हणून ऐकलं नाही, त्याला तिच्या मरणाची बातमी सगळ्यांच्या आधी द्यायची होती. आता काही आठवडे झाले आहेत, राग थोडा निवेल असं वाटलं होतं, पण नाही निवला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, तर तिच्याबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. जे अजून आहेत, त्यांना मात्र मी ती सवलत देणार नाही.

आमची ओळख डी.एड.च्या वर्गातली. ती वडशाची. तिचे अब्बा झाडीपट्टीच्या नाटकांचे कपडे शिवायचे. हिवाळ्यात त्यांच्या दुकानात राजाचे अंगरखे आणि नर्तकीचे घागरे एकाच दोरीवर लटकलेले असायचे आणि रुखसाना त्यांच्याखाली बसून अभ्यास करायची. मी शाळेत नोकरीला लागले. तिने वर्षभर नोकरी करून सोडली आणि कुरखेड्याच्या पुढच्या जंगलातल्या गावांत चित्रांची पुस्तकं घेऊन फिरायला लागली. हीच संस्था थोडंफार मानधन द्यायची. “काऊन वो, चांगली नोकरी सोडली?” असं मी विचारलं तर म्हणाली, “शाळेत पोरायले आधी अक्षर शिकवा लागते. मले त्याच्या आधीचं शिकवाचं हाये.”

त्याच्या आधीचं म्हणजे काय, ते मी तिच्यासोबत एका गावात गेले तेव्हा समजलं. लेकरं घरात गोंडी बोलणारी, मराठी अजून कानाला परकी. रुखसाना चटईवर पुस्तक मधोमध ठेवायची, तोंड लेकरांकडे. स्वतः पलीकडे बसून उलटी अक्षरं वाचायची. इतकी वर्षं असं वाचून वाचून तिला सुलटं पुस्तक वाचायला वेळ लागायचा आणि मी तिला त्यावरून चिडवायचे. पण ती आधी वाचायचीच नाही. चित्र उघडून गप्प बसायची. मुलं एकमेकांच्या अंगावर रेलून बोट लावत गोंडीत त्या चित्राची गोष्ट सांगायची, भांडायची, हसायची… आणि सगळी सांगून झाली की मग ती खालची मराठी ओळ वाचायची. तोवर मुलांना गोष्ट माहीत झालेली असायची, मराठीची भीती राहायची नाही. तिचं काम या एवढ्या एका रीतीवर उभं होतं.

पुस्तकं पावसात भिजायची, वाळवी लागायची. मग कुणा देणगीदाराने गावागावांतल्या वाचनघरांसाठी पडद्यावर पुस्तकं वाचायची यंत्रं द्यायचं ठरवलं आणि कोणतं यंत्र घ्यायचं याचा वाद सुरू झाला. रुखसाना महिनाभर तेच घेऊन बसली होती. वडशात, नागपुरात, ओळखीच्यांच्या घरी, जिथे जे यंत्र मिळेल ते मागून आणायची आणि मुलांच्या मधोमध ठेवून बघायची. तिचं म्हणणं पक्कं झालं होतं. मोठ्या पडद्याचा रंगीत टॅबलेट हवा, निदान पाच-सहा डोकी वर वाकतील एवढा. उन्हात चमकू नये म्हणून वर खरखरीत फिल्म, पडला तर फुटू नये म्हणून रबरी कव्हर. यंत्र फिरवलं की पडद्यावरचं पान आपोआप फिरतं ते बंद करायचं, नाहीतर तिने उलट्या बाजूने उचललं की मुलांपुढचं चित्रच उलटं व्हायचं. आत फक्त पुस्तकं, बाकी सगळ्याला कुलूप.

संस्थेच्या समितीने ई-रीडर घेतले. लहान पडद्याचे, काळे-पांढरे. त्यांची कारणं अगदीच खोटी नव्हती, हे मी रागातही मान्य करते. एकदा चार्ज केला की बरेच दिवस चालतो, उन्हात स्पष्ट दिसतो, मुलं त्यावर व्हिडिओ बघत बसत नाहीत. कादंबरी वाचणाऱ्या माणसाला यासारखं यंत्र नाही. आणि समितीने पारखून घेतलं ते कादंबरी वाचणाऱ्या माणसासारखंच. सचिवभाऊंनी ऑफिसच्या अंगणात उन्हात उभं राहून कुणाचं तरी चरित्र उघडलं, दोन पानं वाचली, डोळ्यांना बरं वाटलं, झाली निवड. चित्रांचं एक पुस्तक उघडून बघावं असं त्या अख्ख्या समितीत एकालाही सुचलं नाही. रुखसाना बोलली तर तिला म्हणाले, “बाई, चित्र काय, शोभेले राह्यते. पोट्ट्यायनं वाचलं पायजे.”

यंत्रं आली. काही दिवसांनी सचिवभाऊ स्वतः एका गावात पाहणीला आले. त्या दिवशी मीही सोबत होते. पडद्यावर टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या, झाडाचं चित्र होतं. तेंदूपत्ता तोडायला आईबापांसोबत जाणारी ही मुलं, टेंभरं त्यांच्या रोजच्या खाण्यातली. छापील पुस्तकात एक फांदी, तिच्यावर हिरवी कच्ची फळं आणि मध्येच एक पिवळं, पिकलेलं. खाली ओळ होती, ‘पिकलेलं टेंभर कोणतं?’ सचिवभाऊंनी विचारलं. मुलं त्या हाताएवढ्या पडद्यावर वाकली, त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. सगळी फळं सारखीच राखेच्या रंगाची. एकाने भीत भीत कुठेतरी बोट ठेवलं. दुसरीने भलत्याच फळावर ठेवलं. सचिवभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, “निरीक्षण कमजोर हाये पोरायचं. रिपोर्टमंदी टाकावं लागन.”

रुखसाना तेव्हा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त यंत्र उचललं, त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाली, “भाऊ, तुमीच दाखवा न कोणतं पिकलं.” त्यांनी चष्मा लावला, यंत्र जवळ घेतलं, लांब धरलं आणि मग पुढचं पान काढलं.

तरी रिपोर्टमध्ये ते वाक्य गेलंच. जंगलात चालता चालता एका नजरेत पिकलं फळ ओळखणाऱ्या मुलांचं निरीक्षण कमजोर आहे, असं लिहून एक माणूस सही करतो आणि त्याला रात्री झोप लागते. हे मला अजून पचत नाही.

मी रुखसानावरही रागावले आहे, तेही सांगून टाकते. शेवटची भेटली ती नागभीडच्या बसस्टँडवर. स्वतःच्या पैशातून घेतलेला एक जुना टॅबलेट पिशवीत होता, तोच घेऊन ती गावोगाव हिंडत होती. चेहरा उतरलेला, एक हात सारखा छातीकडे जात होता. “डॉक्टरकडे चल,” म्हटलं. “ॲसिडिटी हाये वो. पोट्टे वाट पाहून राह्यले असतीन.” मी हात धरून ओढलं तर सोडवून घेतला आणि बसमध्ये चढली. तुझं हृदय काय संस्थेच्या मालकीचं होतं का गं? असं विचारायचं राहून गेलं…

शोकसभेत सचिवभाऊंनी तिला ‘ई-वाचनाची अग्रदूत’ म्हटलं. टाळ्या वाजवू नयेत हे एकदोघांना आठवलं नाही. मग त्यांनी जाहीर केलं की तिच्या स्मरणार्थ आणखी ई-रीडर घ्यायचे, आणि असलेल्या प्रत्येक यंत्रावर तिचा फोटो घालायचा. मी उभी राहून म्हणाले, “तिले हे मशीन नको होतं.” सभेत थोडी चुळबुळ झाली. एक बाई माझा पदर ओढून म्हणाल्या, “दुःखाची वेळ हाये, बसा न.”

मागच्या आठवड्यात पाहणी झालेल्या त्याच गावात गेले. वाचनघराच्या पेटीत ई-रीडर होता. त्यावर रुखसाना होती, करड्या रंगातली, कसनुसं हसणारी. सोमी नावाची सहा-सात वर्षांची मुलगी शेजारी येऊन बसली. चार वर्षांची असल्यापासून ती रुखसानाच्या मांडीला चिकटून बसायची. फोटोकडे बघत म्हणाली, “हे कोन बाई?”

“रुखसाना बाई व्हय न.”

तिने यंत्र हातात घेतलं, नीट पाहिलं आणि मान हलवली. “नाई. बाई हिरवी राह्यते.”

बारा महिने अंगावर असलेली तिची पोपटी ओढणी… फोटो जावा म्हणून मी बटण दाबून यंत्र उघडलं, मग बंद केलं. पण या यंत्राचं असं आहे की ते बंद केलं की पडद्यावर फोटोच राहतो, पुन्हा उघडेपर्यंत जात नाही. ते मी घरी घेऊन आले. संस्थेतून परत मागायला फोन येतात. मी सांगितलंय, पोरांना रंगीत घेऊन द्या, नाहीतर आधी माझ्या मैत्रिणीला यातून बाहेर काढा.