चाचांच्या आवाजाला कुलूप

माणूस खऱ्या अर्थानं सुसंस्कृत झाला, तो त्यानं पहिलं कुलूप लावलं त्या दिवशी. हे वाक्य माझंच आहे. भूमच्या एका वाचनालयाच्या वर्धापनदिनी मी ते उच्चारलं आणि पहिल्या रांगेतल्या मान्यवरांनी माना डोलावल्या. माझ्या पाठीमागं त्याच वाचनालयाचं एक लोखंडी कपाट उभं होतं. त्याची किल्ली हरवली होती आणि आत कोणती पुस्तकं आहेत हे कार्यकारिणीत कुणालाच माहीत नव्हतं. पुढं आठवडी बाजारात बसणाऱ्या किल्लीवाल्याला बोलावून ते उघडलं, तेव्हा आतून सत्काराच्या शाली निघाल्या.

तरी कुलपाचं एक बरं असतं. ते आपण लावलेलं असतं, ते दिसतं आणि वेळ आली तर फुटतं. माझ्या लॅपटॉपला जे लागलं, त्यात यातला एकही गुण नव्हता.

लॅपटॉप मी निवृत्तीनंतर घेतला. शेजारी चाचा राहत. शिंपी होते; अर्ध्या गावाचे सदरे आणि सगळ्या शाळेचे गणवेश त्यांच्या मशीनखालून गेलेले. निजामाच्या काळातल्या गोष्टी त्यांनी वडिलांकडून ऐकल्या होत्या आणि त्या ते आपल्या दख्खनीत फार रंगवून सांगत. दुपारी त्यांच्या शिलाई मशीनशेजारी लॅपटॉप ठेवून मी ते बोलणं ध्वनिमुद्रित करायचो. माझ्या डोक्यात एक ग्रंथ होता. त्याचं नाव ठरलं होतं, प्रस्तावना लिहून झाली होती, फक्त ग्रंथ बाकी होता.

मग चाचा गेले. चाळिसावा झाला आणि त्यानंतरच्या शुक्रवारी चाची आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"सर, उनका बोलना लगाव ना थोडा."

मी मोठ्या अभिमानानं निजामाच्या सुभेदारीची गोष्ट लावली. त्यांनी हात हलवला. "वो नक्को. वो तो पचास साल सुनी मैं. वो चा वाला लगाव."

एका ध्वनिमुद्रणात चाचा ऐन रंगात असताना मधेच आतल्या खोलीकडं ओरडतात, "अगे, चा में शक्कर डाली क्या नै? के मेरे बोलनेसेच मीठी होने वाली है?" आणि आतून चाचींचा आवाज येतो, "बोलना कम करो, चा थंडी होरी." ग्रंथात हा भाग मी गाळणार होतो. चाची तेवढाच ऐकत, पदरात तोंड घालून हसत, पुन्हा लावायला सांगत आणि घरी जात. दर शुक्रवारी. त्यांच्याकडं बटणांचा फोन, मुलं पुण्याला. दुसरी प्रत काढायला हवी होती हे खरंच. पण भिंतीपलीकडच्या वस्तूची प्रत कोण काढतं?

एका शनिवारी सकाळी लॅपटॉपनं मला न विचारता स्वतःला अद्ययावत करून घेतलं, बंद झाला, पुन्हा सुरू झाला आणि निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागू लागला. मी रोजचा पिन आठवला. पिन टाकायला जागाच नव्हती. ज्या यंत्रात मी रोज सकाळी शिरत होतो, त्यानं मला चोर ठरवलं होतं, आणि तेही कमालीच्या नम्र भाषेत. उद्धटाशी भांडता येतं. नम्र यंत्राला फक्त आपटता येतं, आणि तेही आपलंच असतं.

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बरीच बटणं दाबल्यावर एक तरुण आवाज आला.

"सर, ते एन्क्रिप्शन आहे. तुमच्या डेटाच्या सुरक्षिततेसाठी."

"मी लावलेलं नाही."

"ते आपोआप लागतं, सर."

"मला कुणी विचारलं नाही."

"आपोआप म्हणजे तेच ना, सर."

या व्याख्येत मला चूक काढता आली नाही. किल्ली, तो म्हणाला, पहिल्या दिवशी ज्या ईमेलनं लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात जपून ठेवलेली असते. तो ईमेल माझा नव्हता. "मग ज्यांचा आहे त्यांना विचारा. आणखी काही मदत करू शकतो का, सर?" पहिली कुठली केली, हे विचारायच्या आत फोन कटला.

ईमेल दुकानदाराचा होता. आमच्याकडं नवा लॅपटॉप दुकानातच सुरू करून देतात. यंत्र ईमेल मागतं, गिऱ्हाईक गोंधळतं, मग दुकानदार आपलाच ईमेल ठोकून मोकळा होतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट ही सेवा समजली जाते, स्क्रीनवर प्लॅस्टिक चिकटवून देण्यासारखी. आमच्या दुकानदारानं मधल्या काळात दुकान बंद करून येरमाळ्याला हायवेवर ठिबकच्या नळ्या विकायला घेतल्या होत्या. एसटीनं गेलो.

"या सर! च्या सांगतो."

"चहा राहू दे. तुझ्या दुकानाच्या ईमेलचा पासवर्ड सांग."

"त्यो व्हय? लई जुनं झालं की ओ. आता कुठं ध्यानात ऱ्हातंय."

"किती जणांना तोच ईमेल लावलास?"

"समद्यांनाच. डॉक्टर, पतसंस्था, ग्रामसेवक. तुमी सोताचा ईमेल कवा पाठ केलता का, सर?"

केला नव्हता. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी दुकानाच्या जुन्या मोबाइल नंबरावर जाणार, आणि रिचार्ज न केल्यामुळं तो नंबर कंपनीनं दुसऱ्याला दिलेला. आम्ही तिथूनच फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी माझी ओळख दिली, वय सांगितलं, निवृत्त प्राध्यापक असल्याचं सांगितलं, आणि आत्ता तुमच्या फोनवर जे आकडे येतील ते कृपया वाचून दाखवा, अशी विनंती केली.

"लाज न्हाय वाटत या वयात?" बाई म्हणाल्या. "पोलिसात देऊ का?"

अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नका, असं फोनवर उठताबसता बजावलं जातं. हा सल्ला मनापासून पाळणारी देशातली एकमेव व्यक्ती आमच्या वाट्याला आली होती. दुकानदार हसून हसून नळ्यांच्या वेटोळ्यावर बसला. परतीच्या एसटीत मी एकेकाचे गुन्हे मोजत होतो आणि प्रत्येक जण निर्दोष सुटत होता. कंपनीनं सुरक्षा दिली, दुकानदारानं सेवा दिली, बाईंनी सावधगिरी बाळगली. सगळ्यांनी आपापलं कर्तव्य केलं, आणि एका बाईला तिच्या नवऱ्याचा आवाज ऐकता येत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी चाची आल्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बराच वेळ लागला. त्यांनी ऐकून घेतलं.

"मतलब आवाज अंदरइच है?"

"आतच आहे, चाची."

"पन निकलता नै."

"नाही."

"चोर कू भी नै मिलनेका?"

"चोराला तर नाहीच."

"कौनसा चोर आनेवाला था, सर, हमारे चा की बातां चुराने कू?"

मी म्हणालो, ठेवून देऊ. जगात हुशार माणसं आहेत, पुढंमागं काही उपाय निघेल. चाची लॅपटॉपच्या झाकणाकडं बघत होत्या.

"उनकी एक कबर है ना. हर जुम्मे कू ये दूसरी कायकू देखूं मैं? पोंछ डालो."

"चाची, मग कायमचंच जाईल."

"आदमी गया तब किसने पूछा था कायम का क्या करके?"

त्या उठून गेल्या. पुढच्या शुक्रवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही. मग मी लॅपटॉप पुसायला दिला.

फॉरमॅट केल्यापासून तो बराच लवकर सुरू होतो.