पेंढ्याचं वासरू आणि पिवळी इंग्रजी

आमच्या टीव्हीसाठी मी पुठ्ठ्याची एक लांब पट्टी कापून ठेवली आहे. परदेशी पिक्चर लावला की मी ती पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवते, म्हणजे तिथे येणारी इंग्रजी अक्षरं झाकली जातात. पहिली पंधरा-वीस मिनिटं तशीच बघते आणि मग पट्टी काढते. आमच्या ह्यांना हा प्रकार बिलकूल मान्य नाही. "भाषा कळत नाही, खाली लिहिलेलं वाचायचं नाही, मग बसतेस कशाला?" असं ते दर वेळी विचारतात. मी उत्तर देत नाही. उत्तर द्यायचं तर अकरावीतल्या लाल रेघेपासून सुरुवात करावी लागते, आणि ती लाज मी इतकी वर्षं पोलादपूर तालुक्याबाहेर जाऊ दिलेली नाही. आता सांगूनच टाकते.

आमची वाडी उमरठच्या रस्त्यावरून तासभर वर चढलं की लागते. घरं नऊ, आणि म्हशी माणसांपेक्षा जास्त. बाबा रोज सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन पोलादपूरच्या डेअरीत उतरायचे. वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिली पोरगी. महाडला चवदार तळ्यापासून जवळच मावशीकडे राहायचे आणि नाक वर करून फिरायचे. दिवाळीच्या परीक्षेत मला इंग्रजीत शंभरपैकी तेवीस पडले आणि त्याखाली सरांनी चांगली ठसठशीत लाल रेघ ओढली. बाबांना सही करण्यापुरतं लिहिता यायचं. त्यांनी विचारलं, "ही लाल रेघ कसली गो?"

मी म्हटलं, "ज्याचं चांगलं असतं ना बाबा, त्याच्याखाली सर रेघ मारतात. सगळ्यांच्या लक्षात यावं म्हणून."

बाबांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी डेअरीत चारचौघांना दाखवायला नेला. परत आल्यावर ते त्यावर काही बोलले नाहीत. थाप पचली म्हणून मी खूश.

शिमग्याला मुंबईचा काका आला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, एका कंपनीत कामाला. टीव्ही त्याने आदल्या वर्षीच आणून ठेवला होता. या वेळी सीडी लावायचं मशीन आणलं, आणि त्याबरोबर वरंधचं एक स्थळही आणलं. पोरगा त्याच्याच कंपनीत होता. जेवताना काका म्हणाला, "अकरावी म्हंजे बास झालं. मे महिन्यात उरकून टाकू. टेन्शन नाय."

बाबा म्हणाले, "तिला बारावी करू दे. इंग्रजी शिकतेय ती."

"शिकतेय ना? मग ऐकू तरी कदी."

मला तो पोरगा ठाऊक नव्हता, वाईटही नसेल, पण मला महाडला परत जायचं होतं. तिथे लायब्ररी होती, मैत्रिणी होत्या आणि पहाटे उठून शेण काढायला लागत नव्हतं. कुठलं कारण मोठं होतं ते आता विचारू नका.

दुपारी सगळी वाडी आमच्या पडवीत जमली. काकाने मुंबईच्या फूटपाथवरून आणलेली सीडी दाखवली. वेष्टनावर उघड्या छातीचा हीरो, हातात तलवार, मागे आग. पोरं पुढे सरकली. काकाने सीडी लावली आणि पडद्यावर बर्फ आला. बराच वेळ नुसता बर्फच पडत राहिला. मग एक म्हातारी दिसली, तिची गाय दिसली, आणि ती कसल्यातरी अगम्य भाषेत गायीशी बोलायला लागली. खाली पिवळी इंग्रजी अक्षरं उमटत होती.

"हीरो कवा येतो?" कोणीतरी विचारलं.

काका फसला होता, हे उघड दिसत होतं. पण मुंबईहून आलेला माणूस वाडीत फसल्याचं कबूल करतो होय? तो घसा खाकरून म्हणाला, "हा इंटरनॅशनल पिक्चर हाय. याला असाच बघतात." मग त्याची नजर माझ्याकडे वळली. "खाली इंग्रजी येतंय. कॉलेजवाली हाय ना आपल्याकडं? सांगू दे तिला. बरोबर सांगितलंन तर मी वरंधचं नाव घेणार नाय. नाय सांगता आलं तर परवा पाव्हणे बघायला येतील."

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. बाबा खांबाला टेकून बसले होते, ते तेवढे पडद्याकडे बघत राहिले.

मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले. अक्षरं येत होती आणि मी पहिला शब्द लावेपर्यंत पळून जात होती. 'ब्रदर' कळलं, 'स्नो' कळलं, 'नेव्हर' दोनदा कळलं. एवढ्या भांडवलावर मी धंदा सुरू केला. म्हटलं, ही म्हातारी श्रीमंताची बायको, हिच्या भावाने इस्टेट हडपली आणि हिला बर्फात हाकलून दिलं. मुलगा फौजेत आहे, तो बदला घ्यायला येणार. लोक माना डोलवायला लागले. मलाही जोर आला. खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस दिसला, त्याला मी मुनीम केलं. शेजारीण दिसली, तिला सवत केलं. अशी मी गाडी दामटत होते आणि मधूनच थोरली काकी काहीतरी पुटपुटत होती.

थोरली काकी म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. चाळीस वर्षं म्हशींत काढलेली बाई. तिला ना टीव्हीचं कौतुक, ना कॉलेजचं.

पडद्यावर म्हातारी आणि एक माणूस कातडं पसरून त्यात गवत भरत होते. मी खाली वाचत होते. 'लिटल' शब्द सापडला. मी ठोकून दिलं, "शेजारणीच्या लहान मुलाचा वाढदिवस आहे. त्याच्यासाठी खेळणं बनवतायत."

मग थोरली काकी म्हणाली, "अगो, खेळणं कसलं? डोळं फुटलं काय तुजं? वासरू मेलंय तिचं. ती गाय मघापासून कासेला हात लावू देत नाय. कातड्यात पेंढा भरतायत ते, तिच्या म्होरं ठेवाय."

मी मान वर केली आणि पहिल्यांदा चित्र बघितलं. पेंढ्याचं वासरूच होतं ते. आमच्या गोठ्यात माझ्या डोळ्यांदेखत दोनदा केलेलं. वासरू दगावलं की म्हैस पान्हा चोरते, मग त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवायचं, ती चाटते आणि दूध सोडते. अहो, हे वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक. मला एकटीला दिसलं नाही, कारण मी अक्षरं चघळत बसले होते.

"मंग तो मुनीम?" कोणीतरी विचारलं.

"मुनीम नाय नि फुनीम नाय," थोरली काकी म्हणाली. "मघापासून सांगतेय, ऐकतंय कोण. तिचा पोर लांब गेलाय कामाला. हा माणूस त्याची चिठी आणतो. इस्टेट कुठनं आली तिच्याकडं? चूल बघ तिची."

पुढचा पिक्चर थोरल्या काकीने सांगितला, आणि सांगितला म्हणजे काय, मधूनमधून एखादं वाक्य बोलली. बाकी सगळे गुपचूप बघत होते. गायीने पेंढ्याचं वासरू चाटलं तेव्हा बायांनी सुस्कारा सोडला. चिठ्ठीवाला पुन्हा आला, या वेळी टोपी हातात घेऊन. कोणीच काही विचारलं नाही. म्हातारी रडली नाही. तिने पोराचा कोट पाटासारख्या बुटक्या बैठकीवर घातला, नीट बटणं लावली आणि त्याच्यापुढे जेवण वाढलं. थोरली काकी पदर तोंडाला लावून म्हणाली, "हा तिचा पेंढा."

मला तिथेच रडू फुटलं. खाली काय लिहिलं होतं, मी बघितलंसुद्धा नाही.

पण काका लक्षात ठेवणारा माणूस. सीडी थांबल्याबरोबर म्हणाला, "म्हंजे हिनं सांगितलं ते सगळं खोटं. दादा, पोरीला इंग्रजी येत नाय. पाव्हण्यांना निरोप धाडतो."

मी बाबांकडे बघायचं टाळलं. माझं पितळ सगळ्या वाडीपुढे उघडं पडलं होतं आणि त्यात बाबांची मान खाली गेली असणार, याची मला जास्त लाज वाटत होती.

बाबा सावकाश म्हणाले, "नायच येत. येत असतं तर कॉलेजात कशाला धाडली असती?"

थोरली काकी एवढी हसली की तिला ठसका लागला. "खरंच की रे," ती काकाला म्हणाली, "तुला तरी कुठं येतंय? सीडी कसली आणलीस ती बघ." पाहुणे आले नाहीत.

शिमगा झाल्यावर बाबा मला पोलादपूरच्या स्टँडवर सोडायला आले. एका हातात किटल्या, दुसऱ्या हातात माझी पिशवी. महाडची गाडी लागली. मी खिडकीत बसले तेव्हा बाबा खालून म्हणाले, "ती लाल रेघ कशाची असते, ते डेअरीत मला दिवाळीतच सांगितलंनी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी पिशवी खिडकीतून आत दिली.

"पुढल्या खेपेला निळ्या शाईत आण," ते म्हणाले आणि किटल्या उचलून डेअरीकडे चालू लागले.

वार्षिक परीक्षेत मला इंग्रजीत अडतीस पडले, निळ्या शाईत. तो कागद बाबा सकाळी दुधाबरोबर खाली घेऊन गेले आणि डेअरीपासून स्टँडपर्यंत दिसेल त्याला दाखवत संध्याकाळ झाली तरी घरी आले नाहीत.