डोंगर पेटलाय, ताई, तुम्ही बसा!

लोकांच्या कपाटात लग्नाचे अल्बम असतात, आमच्याकडे वणव्याचे किस्से! काशीगावच्या डोंगराखाली आमच्या आठ खोल्या. वर गवत पेटलं की पुरुष नेमके कामावर, मग फांद्या घेऊन बायकाच वर. दरवर्षी एक तरी किस्सा होतोच. चहा ठेवा, सांगते!

*

पहिल्या वर्षी मी भांडीकुंडी बांधून दारात उभी. गावचे कान्हूबाबा वर चढताना थांबले.

"कुठं चाललीस गो?"

"आग आलीय!"

"मंग आगीकडं चल!"

हातात हिरवी फांदी दिली. मी दातओठ खाऊन धपाधप मारायला लागले. ठिणग्या उडाल्या आणि माझ्याच मागचं गवत पेटलं! बाबा ओरडले, "मारू नको, दाब! तुझा नवरा न्हाय तो!"

*

पुढे पाण्याचा हंडा घेऊन पडले आणि कंबर गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाला, "वाकायचं नाही. घरच्यांना कामं सांगा."

म्हटलं, "डॉक्टर, घरचे म्हणजे मीच!"

शेजारची पारू, जालन्याची, आठ नंबरात राहते. तिने मात्र डॉक्टरचं मनावर घेतलं. धूर दिसला की आधी माझ्या दारात: "ताई, तुम्ही बसा!" कंबरेचं दुखणं मी सोसते हो, पण ते "बसा" ऐकलं की डोकं फिरतं! हिला फांदी धरायला मी शिकवलं आणि ही मला रिटायर करायला निघाली!

*

एका वर्षी माघातच डोंगर पेटला. पारू माझ्या कंबरेला बाम चोळत होती, तेवढ्यात कान्हूबाबा दारात हाक मारत आले. मी म्हटलं, "बाबा, अजून थंडी आहे!"

"डोंगराला सांग! आधी होळीपर्यंत गवत दवानं ओलं असायचं. आता दव न्हाय, कॅलेंडर तेवढं हाय!"

पारूला चुकवून मी गेलेच. आगीपुढे तो बाम असा तापला की कंबर दुखतेय हेच विसरले!

*

जशोदाबेन तीन नंबरवाली. एकदा आग लागली त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नव्हता. ज्वाळा तिच्या मोरीपर्यंत. बाई आतून ताकाचं पातेलं घेऊन आली आणि धाडकन ओतलं! आग विझली. मग रिकाम्या पातेल्यात बघून रडवेली झाली, "बहेनजी, अभी तो जीरा डाला था!"

*

आणि ते वर्ष! मला कुशीवर वळता येत नव्हतं. वारा फिरला, आग थेट खोल्यांच्या मागे. चौघींनी मला खाटेसकट उचललं, रस्त्यावर ठेवलं.

पारू म्हणाली, "आता तरी बसा!"

"बसता आलं असतं तर तुझ्याआधी वर असते!"

त्या धुरात घुसल्या. त्यांना स्वतःचे पायसुद्धा दिसेनात. मला खाटेवरून अख्खा डोंगर दिसत होता. आग डावीकडे वळली, पारूच्याच खोलीकडे!

"पारू, डावीकडे! आठ नंबर! बेन, मारो मत, दबाओ!"

घसा फुटेपर्यंत ओरडले. त्या माझ्या आवाजावर सरकत राहिल्या. आग आठ नंबरच्या भिंतीपासून दहा हातांवर विझली.

काळ्याठिक्कर तोंडाने सगळ्या खाली आल्या. एकीलाही सरळ उभं राहता येईना. पारू दोन्ही हात कंबरेवर ठेवून, वाकत वाकत खाटेपाशी आली.

मी म्हटलं, "पारूबाई, तुम्ही बसा!"

"आधी सरका, ताई!"