राखणीतलं तीर्थ

जानकी परब बोलायला बसली की समोरच्याचा चहा निवतो, हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक. कुडाळहून मालवणला जाताना मधेच आत वळलं की आमचं गाव लागतं. जानकीचा नवरा मुंबईत एका गोदामात नोकरीला. घरात ती, नववीतला मुलगा समर्थ आणि सासरा भाई. पुण्याच्या एका संस्थेच्या नम्रता मॅडम नशेच्या पाहणीसाठी, पोरांशी गप्पा-गजाली करू शकेल अशी बाई शोधत गावात आल्या, तेव्हा सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं. दुसरं कोण सुचणार होतं?

काम असं, की वाड्यावाड्यांत फिरायचं आणि पोरांना विचारायचं. दारू, गांजा, तंबाखू कुठून सुरू झाली, कोणी दिली, नशेत गाडी पडली तर पुढे काय झालं, पोलिसांनी धरलं तर कोणी वाट दाखवली की नुसता ‘बिघडलेला’ असा शिक्का मारून सोडलं. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पोरानं सांगितलेलं घरी न्यायचं नाही, दारी बोलायचं नाही, नाव तर मुळीच काढायचं नाही. जानकीसारखीला हा म्हणजे जन्माचा उपासच. पण बाईने तो पाळला हो, कडक पाळला. आमच्यातल्या काहींनी तिला बोलतं करायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि हात हलवत परत आलो.

इतर गावांतून ती सुतकी चेहरा करून यायची. आपल्या गावात मात्र तिची मान ताठ झाली. ज्या पोराला विचारावं तो म्हणे, आपण त्यातले नाय. मोठ्या माणसांना विचारलं तर उत्तर तयारच असायचं. दारू येते ती बांद्याच्या पलीकडून, गोव्यातून, गांजा आणतात ते समुद्र बघायला येणारे, आणि उरलंसुरलं मोबाइलने बिघडवलं. आमच्या वेशीच्या आत काही उगवतच नाही असा एकूण सूर. जानकीलाही ते पटलं होतं, कारण पटायला सोपं होतं.

मग ती दीपेशकडे गेली. हायवेच्या कडेला त्याचं पंक्चरचं दुकान. सोळाव्या वर्षी बांद्याहून दुसऱ्या कुणाच्या बाटल्या घेऊन येताना, स्वतःही पिऊन, त्याने मोटरसायकल रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर घातली होती. पाय मोडला तो वाकडाच जुळला. बाटल्या ज्याच्या होत्या तो नामानिराळा राहिला आणि दीपेश बाल न्याय मंडळाच्या तारखांना आईबरोबर लंगडत जात राहिला. गावाने त्याला ‘बाटली’ हे नाव दिलं. आता तो दारूला शिवत नाही, पण नाव अजून चिकटलेलं आहे. गाव असल्या बाबतीत मोठं चिवट असतं.

जानकीने सवयीने विचारलं, “पयली खंय घेतलंस? बांद्याक?”

दीपेश ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. “वैनी, खरा सांगू? राखणीत.”

“राखणीत खंयची दारू?”

“तुमी बायको मानसां थंय येवक नाय, म्हणान तुमका ठावक नाय,” तो म्हणाला.

खरंच ठाऊक नव्हतं. राखण म्हणजे गावाच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा मान. भात कापून झालं की वेशीवरच्या काजऱ्याच्या झाडाखाली पुरुष माणसं जमतात. कोंबडा, जाड भाकरीचा रोट, विडी आणि काजूची दारू देवाला दाखवतात, गाऱ्हाणं घालतात, तिथंच शिजवून तिथंच जेवतात. घरी काही आणायचं नाही, बायकांनी जायचं नाही. उरलेली दारू कुठे जाते हे जानकीने कधी मनातही आणलं नव्हतं.

“नव्या पोराच्या तळहातार तीर्थासारखी घालतत,” दीपेश म्हणाला. “फुडल्या वर्सा करवंटीतसून. माजा दारूचा भ्या थंयच गेला, वैनी. देवान घेतल्यान, मोठ्यांनी दिल्यानी, मगे वायट कशी आसतली? तुमी आमका दारू विचारतास. ती दारू म्हणान कोण धरताच नाय. म्हणान सगळे नाय म्हणतत.”

“घालता कोण?” जानकीने विचारलं, आणि विचारताक्षणी तिला उत्तर कळलं. राखणीचा मान परबांच्या घरात. घालणारा हात भाईंचा.

दीपेश ट्यूब पुसत राहिला.

आता हे भाई कसे, तर सकाळी सुनेच्या आधी उठून चहा टाकणारे. वर्षभरात दारूचा थेंब घेत नाहीत, आवाज चढवत नाहीत. जानकी लग्न होऊन आली तेव्हा तिला माहेरची आठवण येते म्हणून स्वतः जाऊन तिच्या आईला आठ दिवस राहायला घेऊन आलेले. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? आणि या रविवारी राखण होती. समर्थ पहिल्यांदाच जाणार होता. नातवासाठी भाईंनी बाजारातून नवा पंचा आणून ठेवला होता.

संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता तिने विषय काढला. “भाईनू, समर्थाक थंय दारू देवची नाय.”

“दारू कोण देता? तीर्थ ता.”

“ता घेवनच पोरांचा भ्या जाता. माका पोरांनीच सांगल्यानी.”

भाई सरळ बसले. “कोणी?”

जानकीने तव्यावरची भाकरी उलटली.

“दाजीच्या झिलान?” भाईंनी विचारलं. “सुभद्राच्या नातवान? तो आता रोज पिता म्हणतत.” जानकीने दुसरी भाकरी घेतली. भाई एकेक नाव घेत गेले. कोणाचा हात थरथरला होता, कोण ठसकला होता, कोणी दुसऱ्यांदा हात पुढे केला होता, सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. जानकीने तोंडावरची रेघ हलू दिली नाही. हा असला मुखवटा तिला कुठून जमला, देव जाणे.

“दीपेशान?” भाई म्हणाले, आणि पुढे नावच घेतलं नाही. चुलीतलं लाकूड त्यांनी आत सारलं. मग म्हणाले, “तेका मी हातार दोनदा घातललंय. धीट आसा म्हणान कवतिक केलंय.”

जानकीला त्यांची दया आली, पण पोराची काळजी दयेपेक्षा मोठी होती. “मगे बंद करा,” ती म्हणाली.

“माज्या हातात नाय गो ता. वाडवडलांचो रिवाज. उद्या कोणाची गाय मेली, कोणाचो पोर आजारी पडलो, तर सगळे माज्याकडे बोट दाखवतले. आणि राखणदार? तो माका सोडतलो?” ते खोटं घाबरत नव्हते. त्या झाडाखालून रात्री-अपरात्री गावाला सांभाळणारा कोणी फिरतो, हे त्यांच्या लेखी तुमच्या-आमच्याइतकं खरं होतं.

“मगे समर्थ येवचो नाय,” जानकी म्हणाली.

भाई न जेवता उठले. पुढचे दिवस घरात भांड्यांचाच आवाज. रविवारी सकाळी नेहमीसारखा चहा तिच्या हातात देऊन ते म्हणाले, “पाठव तेका. माका जमता काय बघतंय.” बस्स, एवढंच. वचन नाही, काही नाही. तिला वाटलं नाही म्हणावं. पण आयुष्यभर या माणसाने तिला एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं. तिने समर्थच्या कमरेला नवा पंचा बांधला आणि दोघांना जाताना बघत उभी राहिली.

तो दिवस तिने कसा काढला ते तिलाच माहीत. दोनदा भात करपवला. दिवस कलला तसा समर्थ एकटाच पाणंदीतून येताना दिसला. जानकीने त्याला घरापुढच्या खळ्यातच धरला, त्याचा तळहात हुंगला, मग तोंड. धूर आणि कोंबड्याचा रस्सा. बाकी काही नाही. ती तिथंच पायरीवर बसली.

“आये, भाईन दारू सगळी काजऱ्याच्या मुळात ओतल्यान,” समर्थ सांगू लागला. “पयली देवाक दाखवल्यान, मगे आख्खी ओतल्यान. लोक वराडूक लागले. भाईन हात जोडून गाऱ्हाणा घातल्यान. म्हटल्यान, बा म्हाराजा, पोरांच्या हातार आजपावत मी घातलंय, ती चूक माजी. पोरांचो वाटो आता तूच घी. राग इलो तर माज्यार काढ, पोरांक बोट लावू नको.”

“मगे?”

“गाऱ्हाणा झाल्यावर सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणूचा आसता मा? कोणच म्हणूक नाय. भाई हात जोडून तसोच उबो. माका रडाक येय होता. मगे दीपेशदादान म्हटल्यान, व्हय म्हाराजा. मोठ्यान. एकट्यानच.”

जानकीने पदर डोळ्यांना लावला. पाणंद रिकामी होती.

“भाई खंय रवले रे?”

“येतत. दीपेशदादाक घाटी चढूक जमणा नाय,” समर्थ म्हणाला. “भाईन तेचो हात धरल्यान हा. सावकाश येतत.”