सरोजाक्का आता पत्रक ठेवून जात नाहीत

आज रविवार. सकाळी सप्तापुरात एका घरी जाऊन आलो, दुपारी कपडे धुतले, आता लिहायला बसलो आहे.

सरोजाक्कांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथासाठी मी लिहावं, असं संपादक मंडळाने कळवलं. मला लिहिण्याचा सराव नाही.

पहिली भेट आमच्या दारातच झाली. अक्का हुबळीच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढत आणि सुट्टीच्या दिवशी सिमेंटचे पत्रे कापणाऱ्यांच्या घरी जाऊन, त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसं कशी निकामी होतात ते सांगत. माझे थोरले भाऊ, अण्णा, वीस वर्षं पत्रे कापत होते. तेव्हा ते कामावर होते. अक्कांनी मला ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत कन्नड पत्रक माझ्या हाती दिलं.

"तम्मा, तू शिकलेला दिसतोस. अण्णांना वाचून दाखव. विसरायचं नाही हं."

अण्णांना कन्नड वाचता येत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय रे त्यात?"

दम लागत असेल तर तपासून घ्या, हे काम सोडा, असं लिहिलं होतं. अण्णांना जिना चढताना दम लागत होता. पण त्यांनी काम सोडलं असतं तर माझं कॉलेज सुटलं असतं.

"काही नाही. तोंडाला फडकं बांधा म्हणतात."

"एवढ्यासाठी बाई गावभर फिरतात?" अण्णा हसले. "बांधतो बाबा."

फडक्याने ती धूळ अडत नाही. आणखी सहा वर्षं ते फडकं बांधून पत्रे कापत राहिले.

अण्णा गेल्यावर अक्का भेटायला आल्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चुकलं तुझं, तम्मा. माझंही. मी त्यांच्यासाठी थांबायला हवं होतं."

तेव्हापासून त्या कुणाकडे पत्रक ठेवून जात नाहीत. कामगार परत येईपर्यंत कट्ट्यावर बसतात, त्यांनाच वाचून दाखवतात आणि त्यांच्या तोंडून पुन्हा म्हणवून घेतात. अळणावर गावचे एक मिस्त्री वैतागले, "अक्का, मी काय पहिलीत आहे?"

"नापास झालात तर उद्या परत येईन."

मिस्त्रींनी निमूट म्हणून दाखवलं. पुढच्या आठवड्यात ते तपासणीला आले.

मराठी घरांत वाचण्याचं काम अक्कांनी माझ्याकडे दिलं. मलाच का, हे मी विचारलं नाही. वेळेवर काम सोडलं असतं तर अण्णा वाचले असते, असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण काम सोडायचं की नाही हे अण्णांनी ठरवायचं होतं. ते मी ठरवलं.

सरोजाक्कांना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत. आणि कुठल्याच घरी जायचं उरलं नाही म्हणून त्यांना एखादी सुट्टी निवांत मिळो.

कागद पाकिटात घातले. मग तांदूळ निवडले आणि एकट्यापुरता भात लावला.