दाजींकडे मागितलेली उचल

लिहिण्याचा अधिकार तुला कुणी दिला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझं लिहिलेलं चुकलं तर सुधारणारं घरी कुणी नाही. तेवढी माफी आधीच मागतो. पण आमच्या वसतिगृहात मुलं आजही कोपऱ्यात जाऊन 'जागा हाय, आतून काम होतंय' असं कुजबुजतात. ते ऐकून गप्प बसवत नाही.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला बाहेर पडतं. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी गेला तर अर्धा. मुकादम कामाआधीच उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याचा. त्या साली पोळ्यालाही गावात टँकर चालू होता. आदल्या हंगामात मोळी डोक्यावर घेताना आईची कंबर धरली होती. "औंदा मी न्हाई जायची," असं ती म्हणाली होती आणि बापानंही मान हलवली होती.

तेवढ्यात दाजी आले. बापाच्या चुलत बहिणीचे यजमान. म्हणून बापाचे दाजी; आणि आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात, म्हणून माझे मामा. आमच्याकडे दाजींना प्रश्न विचारत नाहीत. पाय धुवायला पाणी देतात, टँकरचं असलं तरी. जेवण झाल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात माझ्यासाठी कारकुनाची जागा होती म्हणे. त्यांच्या मुलाला तसं पत्रही आलं होतं, पुसट शिक्क्याचं; त्याचाच फोटो मोबाइलवर होता. जागेचे पैसे तिथल्या कुणा 'साहेबां'ना रोख द्यायचे, शुक्रवारच्या आत, आणि कुणाजवळ बोलायचं नाही.

"मामा, जाहिरात कुठं आलती?" मी विचारलं.

"जाहिराती वाचून नोकऱ्या लागल्या असत्या तर निम्मा जिल्हा साहेब झाला असता!" दाजी हसले. बापही हसला.

"आन् मुलाखत?"

"पोरगं लई शिकलंय बरं का. माझीच मुलाखत घ्यायलंय."

बाप म्हणाला, "मुकादमाला सांगतो. पुढल्या हंगामाची बी उचल आत्ताच घेतो."

आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. दोन हंगामांची उचल म्हणजे दोन्ही हंगाम पूर्ण कोयता, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

मला बोलायला वेळ लागतो. वर्गात उत्तर येत असूनही हात वर जात नाही. पण तो थांबलेला हात बघितला आणि बोललो.

"मामा, आपल्याकडचा ऊस वाळून गेला. उरलेला चारा म्हणून छावणीत जनावरांनी खाल्ला. गाळपच न्हाई, तर कारखान्याला नवा कारकून कावून पाहिजे?"

"कारखाना काय उसावर चालतो व्हय रे येड्या? संचालकांवर चालतो!"

"बरं. मुकादम कामाआधी आपल्याला उचल देतो. तुमचे साहेब मला किती देणार?"

चुलीपाशी आई फसकन हसली. बाप कडाडला, "गप बस! दाजी हायत ते."

"दाजी हायत म्हणूनच सांगतो. ज्याला आपलं काम पाहिजे, तो आपल्याकडंच पैसे मागत नसतो. तुमी उचल घेतली तरी मी जाणार न्हाई."

दाजी चहा न घेता उठले. दाजी असे उठले की घराला काय ऐकावं लागतं, ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पारावर माझं नाव निघालं, 'शिकून डोकं फिरलं' म्हणून. बापानं बोलणं टाकलं. बीडला वसतिगृहात परत निघालो तेव्हा वाट वाकडी करून मी कारखान्याच्या गेटवर गेलो. वॉचमन खुर्चीत बसून शेंगा फोडत होता.

"भरती?" तो म्हणाला. "आमचेच पगार थकलेत. तुला कोण देणार बाबा?"

मी तिथूनच घरी फोन केला. बाप एवढंच म्हणाला, "वॉचमनला काय कळतंय," आणि फोन ठेवला. उचल घेतली की नाही, हे त्यानं सांगितलं नाही. तरीही माझं 'नाही' मी मागे घेतलं नाही. आज कुणी विचारलं तरी घेणार नाही.

दसऱ्यानंतर आईचा फोन आला.

"दाजींचं पोरगं पत्र घेऊन गेटवर गेलतं. तसंच माघारी आलं. त्या साहेबाचा फोन बंद हाय."

मला आनंद झाला नाही. पत्र हातात घेऊन त्या वॉचमनपुढे उभा राहिलेला तो डोळ्यांपुढे आला.

"आन् उचल?" मी विचारलं.

"घेतली की. औंदाच्याच हंगामाची."

"पूर्ण कोयत्याची?"

"अर्ध्या. तुझा बाप मला म्हणला, तू घरीच थांब. काल एकलाच गाडीत बसला."